रेल्वे स्टेशनातलं काचेचं कोर्ट

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात ४२व्या रस्त्याच्या दाराने शिरलं की मुख्य हॉलच्या आधी व्हँडरबिल्ट हॉल लागतो. १९१३ साली स्टेशन सुरू झालं तेव्हा इथे प्रवासी गाडीची वाट बघत बसायचे. आता बाकं गेलीत, पण संगमरवर आणि मोठाली झुंबरं आहेत. दर जानेवारीत त्या झुंबरांखाली चारही भिंती काचेच्या असलेलं स्क्वॉशचं कोर्ट उभं राहतं आणि जगातले पहिल्या फळीतले व्यावसायिक खेळाडू तिथे झुंजतात. स्पर्धेचं नाव टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स. तिची परंपरा १९३० पासूनची, आणि या हॉलमध्ये ती पहिल्यांदा आली १९९५ साली. महिलांचे सामनेही असतात, त्यांच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. मी गेले होते पुरुषांचे सामने बघायला.

मुक्काम एडिसनला मावसबहिणीकडे. तिथून न्यू जर्सी ट्रान्झिटने पेन स्टेशन आणि पुढे पायी. थंडी इतकी की बोलताना ओठ वळत नव्हते, पण फिफ्थ अव्हेन्यूवरून चालत जाण्याचा मोह सोडवला नाही. भावजी निघताना म्हणाले, "अगं, स्क्वॉश बघायला कोणी एवढ्या लांब जातं का?" जातं. निदान मी तरी जाते.

त्याचं कारण खडकवासला. बाबा एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत नोकरीला होते आणि तिथल्या स्क्वॉश कोर्टांचा आवाज माझ्या लहानपणी सतत कानावर असायचा. लष्कराने हा खेळ आपल्याकडे जिवापाड जपला. राष्ट्रीय विजेतेपद सलग सहा वर्षं स्वतःकडे ठेवणारे राज मनचंदा लष्करातलेच. पण ती कोर्टं म्हणजे बंद पांढऱ्या खोल्या. जिना चढून मागच्या सज्जात जायचं आणि वरून खाली वाकून बघायचं. दिसायची ती डोकी आणि पाठी. खेळाडूचा चेहरा सामना संपल्यावर, दार उघडून तो बाहेर आला की मगच दिसायचा.

ग्रँड सेंट्रलमध्ये हे सगळं उलटं होतं. तिकीट काढलेले प्रेक्षक मागच्या आणि बाजूच्या भिंतींलगत बसतात. समोरची भिंत, म्हणजे ज्या भिंतीवर चेंडू मारायचा ती, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी मोकळी असते. तिच्यापलीकडे उभं राहून कोणीही फुकट बघावं. माझं तिकीट संध्याकाळचं होतं, तरी मी दुपारीच येऊन त्या गर्दीत उभी राहिले, आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त शिकले ते तिथेच.

चेंडू थेट आपल्या तोंडावर येतो. मधे काच आहे हे माहीत असूनही पहिली काही मिनिटं मान मागे जातेच. मग नजर चेंडूवरून सुटून चेहऱ्यांवर जाते. ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद एवढ्याशा जागेत दोन माणसं एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर धावत असतात. एक इजिप्शियन आणि एक इंग्लिश खेळाडू खेळत होते. इंग्लिश खेळाडू मागच्या कोपऱ्यातून चेंडू काढत असताना इजिप्शियन कोर्टाच्या मध्यावर, रेषा मिळून होणाऱ्या 'टी'च्या खुणेवर उभा राहून मान वळवून फक्त त्याच्या रॅकेटकडे बघत होता. फटका बसण्याआधीच याचं पुढचं पाऊल पडलेलं असायचं. सज्जातून मला हे कधीच दिसलं नव्हतं. वरून खेळाचा नकाशा दिसतो, पण निर्णय चेहऱ्यावर होतात. रॅली संपली की दोघंही घामेजलेला हात बाजूच्या काचेला पुसायचे आणि तिथे पाच बोटांचा ओला ठसा राहायचा.

काचेच्या कोर्टावर चेंडू पांढरा असतो, गडद पार्श्वभूमीवर उठून दिसावा म्हणून. त्याचं रबर तापल्याशिवाय उसळत नाही. थंड चेंडू जमिनीवर टाकला तर जेमतेम घोट्यापर्यंत येतो. म्हणून सामन्याआधी खेळाडू तो मारून मारून तापवतात. मुरलेला खेळाडू भिंतीला चिकटवून लांब ड्राइव्ह मारत राहतो, समोरच्याला मागे अडकवतो, आणि मग अचानक हलक्या हाताने ड्रॉप, म्हणजे समोरच्या भिंतीजवळच पडणारा फटका, टाकतो. चेंडू भिंत आणि जमिनीच्या सांध्यात, म्हणजे निकमध्ये पडला की उसळतच नाही, नुसता घरंगळतो. तसा एक निक पडला आणि शेजारी उभा असलेला, हातात ब्रीफकेस धरलेला माणूस मोठ्याने ओरडला. त्याची गाडी बहुधा सुटली असावी, तो हलला नाही.

लेट (गुण पुन्हा खेळायचा) आणि स्ट्रोक (ज्याची वाट अडली त्याला थेट गुण) यांचे वाद मात्र कंटाळा आणतात. वाट अडवली का, किती अडवली, यावर रेफरीकडे दाद, मग व्हिडिओ. नवख्या माणसाला इथेच खेळ तुटक वाटतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

या खेळाने माणसं कुठून कुठून उभी केली! पेशावरजवळच्या नवाकिल्ले गावातल्या हाशिम खानने १९५१ साली ब्रिटिश ओपन जिंकली आणि पुढे जहांगीर खान आणि जानशेर खानपर्यंत पाकिस्तानचं राज्य चाललं. आज ते इजिप्तचं आहे. पण २०२४ मध्ये पेरूचा दिएगो एलियास खुद्द कैरोत विश्वविजेता झाला, दक्षिण अमेरिकेतला पहिलाच. आपला रमित टंडन याच न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकला, आर्थिक क्षेत्रातली नोकरी सोडून पुन्हा कोर्टावर आला. वेलवन सेंथिलकुमारही कोलंबियाचाच. आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानला हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या संघात सौरव घोषाल, अभय सिंग, हरिंदर पाल संधू यांच्यासोबत मुंबईचा महेश माणगावकर होता, हे मराठी वाचकांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

मला हेच बोचतं. स्क्वॉशला ऑलिंपिकचं दार उघडलं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये तो पहिल्यांदा खेळला जाईल. त्याच दिवशी क्रिकेटलाही मंजुरी मिळाली आणि बातम्या सगळ्या क्रिकेटच्या झाल्या. आपल्याकडे हा खेळ अजून जिमखान्यांच्या सभासदत्वामागे बसलेला आहे. चेन्नईने २०२३ च्या स्क्वॉश विश्वचषकासाठी एक्सप्रेस अव्हेन्यू मॉलमध्ये काचेचं कोर्ट उभारलं, खरेदीला आलेल्या लोकांनी थांबून सामने पाहिले. मुंबई-पुण्यात, रोजच्या वर्दळीच्या जागी, असं एक कोर्ट आठवडाभर तरी उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. शाळेतून घरी जाणाऱ्या पोरांना त्यासाठी कोणाची सही लागू नये.

जायचा विचार असेल तर तिकिटं लवकर काढा, शेवटच्या फेऱ्यांची आधी संपतात. बाजूच्या भिंतीलगतच्या जागेवरून वेग कळतो, मागून डावपेच कळतात. आणि एक दुपार समोरच्या भिंतीसाठी राखून ठेवा. बहुतेक खेळाडू उजवे असल्याने लांबलचक रॅली त्यांच्या बॅकहँडकडे, डाव्या भिंतीला धरून चालतात. समोरून बघताना ती भिंत आपल्या उजव्या हाताला येते. तिथे जागा धरा.