गूळ, हिरडा आणि बाकी देणे

मोडी वाचून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. बेळगावच्या शहापुरात दोन खणांचं घर, पुढच्या खोलीत टेबल, भिंग आणि एक दिवा, एवढंच भांडवल. येणारी माणसं बहुतेक वाटणीच्या भांडणातली. जुनं खरेदीखत, गहाणखत, भाऊबंदांचा कज्जा. २०२३ मध्ये महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली आणि मोडीवाल्यांना एकदम भाव आला. चंदगड-गडहिंग्लजकडे सोयरिक असलेली इकडची माणसंही पिशवीत कागद घालून दारात उभी राहायला लागली. पण आपल्या गल्लीचा कागद वाचून द्या म्हणून आख्खं पंचमंडळ आलेलं मी त्या श्रावणातच पहिल्यांदा पाहिलं.

देवळाच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. गणपती जवळ आला म्हणून सजावटीचं सामान काढताना पोरांना ती सापडली. आत रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा. गल्लीच्या तोंडाशी जुनी विहीर आहे, जांभ्याने बांधलेली. तिच्यावर स्लॅब टाकून गाड्या लावायला जागा करायची, अशी टूम गल्लीतल्याच काहींनी काढली होती. मंडळाच्या पोरांचा त्याला विरोध. विहीर जुनी आहे हे कागदावर दाखवता आलं तर स्लॅबवाले गप्प बसतील, हा त्यांचा हिशोब.

"सर, शिवाजी महाराजांचं नाव हाय काय बघा की यात," एकाने बसायच्या आधीच विचारलं.

मी वरचाच कागद बघून नाही म्हटलं.

"नीट बघा की हो. आदिलशाही तर आसंल?"

यात पोरांची चूक नाही. आमच्या गावाला मोठ्या नावांचीच सवय. किल्ल्यातली कमळ बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ चं, रट्ट राजांच्या काळातलं; त्याला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. किल्ल्यातले त्याच काळातले दोन शिलालेख तर थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसलेत. टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आहे. गांधीजी त्या अधिवेशनाचे अध्यक्ष, म्हणून तिला काँग्रेस विहीर हे नाव कायमचं चिकटलं. नाव असलं की फलक लागतो, कठडा रंगवला जातो. गल्लीतल्या विहिरीला असं नाव कुठून आणायचं?

रुमाल सोडला आणि माझं टाळकं सटकलं. कुणीतरी चांगल्या मनाने फाटलेल्या घडीवर सेलोटेप लावली होती. टेप पिवळी पडून कागदात मुरली होती, ती ओढली तर अक्षरासकट येणार. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच, ट्रंकेतले कागद दमटपणाने एकमेकांना धरून बसले होते. मी सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि बांबूची पातळ कामटी घेऊन एकेक कागद सोडवत बसलो. सुटलेला कागद टीपकागदात घालायचा, वर सपाट वजन ठेवायचं. पंखा बंद. घाई केली की कोपरा हातात येतो.

बरेचसे कागद देवळाच्या तेलवातीचे निघाले. मधल्या घडीत मात्र लांबलचक यादी होती: विहिरीचा गाळ काढून ती खोल करण्याच्या खर्चाची. मायना ठीक होता, पण शकाच्या आकड्यातला नेमका तिसरा अंक कसरीने खाल्लेला. एक, सात, भोक, आठ. पुढे "धाता नाम संवत्सरे" स्वच्छ वाचता येत होतं.

संवत्सराचं चक्र साठ वर्षांचं. धाता शके १७३८ ला येतो, नंतर थेट १७९८ ला. म्हणजे इसवी १८१६ नाहीतर १८७६. तोवर चहा पिऊन परत आलेल्या पोरांनी लगेच १८१६ ला मत दिलं. पेशवाई तरी पदरात पडली असती. मी कागद उचलून दिव्यासमोर धरला. मधोमध इंग्रजी अक्षरांचं जलचिन्ह उमटलं, गिरणीचं नाव अर्धवट, पण खाली साल पूर्ण होतं: १८७४. विलायती गिरण्या असं साल पुष्कळदा घालत. प्रश्न मिटला. पोरांची तोंडं उतरली.

मला मात्र घाम फुटला होता. १८७६ म्हणजे दुष्काळाचं साल. त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि बेळगाव, धारवाड, कलादगी हा सगळा पट्टा होरपळला. बेळगाव जिल्ह्याच्या १८८४ च्या गॅझेटिअरमध्ये त्याची हकिकत आहे. तेव्हा बेळगाव इंग्रजांच्या मुलखात आणि शहापूर सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात, ते थेट १९४८ पर्यंत. सरकार इंग्रजांचं असो की संस्थानचं, या यादीत सरकारचा एक आणाही जमा नव्हता. घरोघरची वर्गणी, कुणाची रोख, कुणाची जोंधळ्यात.

मग मी खर्चाची बाजू मोठ्याने वाचायला घेतली. वडारांस मजुरी. लोहारास कुदळी शेवटण्याबद्दल, म्हणजे टोकं नीट करून देण्याबद्दल. दोर. चुना. गूळ. हिरडा. ताग. चुन्याच्या घाणीच्या बैलांस कडबा.

मंडळाबरोबर एक म्हातारे गवंडी आले होते, सगळे त्यांना काका म्हणत. इतका वेळ ते दारातच बसून होते. हिरडा ऐकला आणि उठून टेबलापाशी आले.

"परत वाचा. गूळ किती म्हणालात? चुना किती?"

मी मण-शेर वाचत गेलो, ते बोटांवर मोजत गेले. मग पोरांकडे वळले. "कठड्याला शिमिट मारूलाय तुम्ही दर दोन-चार वर्षांनी. टिकतंय काय?"

टिकत नव्हतं. जांभा पाणी पितो आणि सोडतो. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि सिमेंटही त्यांच्यासकट खाली येतं. चुना ओल बाहेर जाऊ देतो. काकांना हे ठाऊक होतं. पण गूळ-हिरड्याचं पाणी घालून चुना मळताना त्यांनी फक्त लहानपणी आजोबांना पाहिलं होतं, प्रमाण कुणी सांगून ठेवलं नव्हतं. ते आता यादीतून निघालं. फोनवर फोटो काढायला पोरांची झुंबड उडाली, पण काकांनी खजिनदाराच्या वहीतलं पान फाडून आपल्या हाताने लिहून घेतलं.

यादीच्या तळाशी एक ओळ उरली होती. मी वाचली: "बाकी देणे वडारांस." पुढे रक्कम. त्यानंतर काही नाही.

"म्हणजे दिलेच नाहीत?" खजिनदाराने विचारलं.

"दुसऱ्या कागदावर दिल्याची नोंद असेल. इथं नाही."

"मग ते फलकावर नको घालायला."

"का नको? तेच आधी घाला की," मघाशी महाराजांचं नाव शोधणारा पोरगा म्हणाला. "पाणी त्यांनी काढलं, नाव दुसऱ्याचं कशाला?"

त्यावर जी जुंपली ती रस्त्यापर्यंत ऐकू गेली. फलक मराठीत की कन्नडमध्ये, हा विषय तर अजून निघालाच नव्हता. मी कागद टीपकागदांत घालून बांधले, लॅमिनेशन केलंत तर याद राखा असा दम भरला आणि माझी बिदागी मागितली. गणपतीच्या वर्गणीतून मिळाली. पावतीवर 'मोडी खर्च' असं लिहिलं होतं.

स्लॅबचं नाव सध्या कुणी काढत नाही. दिवाळीनंतर काकांनी कठड्यावरचं सिमेंट फोडून घेतलं, निपाणीचा गूळ आणवला आणि चुना भिजत घातला. फलकाचं घोंगडंही भिजतच पडलंय.