अनुभव : नाही

2024 चा जुलै. बेळगावात दोन दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती, आणि रोजगार मेळाव्यासाठी घेतलेल्या कार्यालयाच्या दारात ओल्या छत्र्यांचा ढीग साचला होता. आत पदवी झालेली मुलं जास्त. जानेवारीत युवानिधी, म्हणजे कर्नाटक सरकारचा बेकारभत्ता, सुरू झाल्यापासून महिन्याला 3000 रुपये मिळणारी मुलंही मेळाव्याला येतात. त्यांना काम नको असतं असं लोक म्हणतात, पण मला तसं कधी दिसलेलं नाही. त्यांना कुठलं काम हवं ते त्यांना नीट ठाऊक असतं, एवढंच.

माझं काम दोन टोकं जोडायचं. उद्यमबाग, मच्छे इथल्या कारखान्यांना माणूस हवा असतो, आणि वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, खानापूरकडच्या माणसाला काम हवं असतं. 25 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवाव्यात, हे तेव्हा 1959 च्या कायद्यानं ठरवून दिलेलं होतं. 2015 पासून केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिसचं पोर्टलही आहे. पण उद्यमबागेतला छोटा फाउंड्रीवाला, म्हणजे ओतकामाचा कारखानदार, माणूस शोधतो तो जुन्या कामगाराच्या मेव्हण्याला विचारून. ज्याचा मेव्हणा फाउंड्रीत नाही त्याच्यासाठी आम्ही. आमच्याकडे एक फॉर्म असतो. तो मीच तयार केलेला होता, आणि तो नेटका आहे असं मला वाटत होतं.

अकराच्या सुमाराला एक बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. चाळिशीच्या आतल्या. पदर डोक्यावरून घेतलेला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं. नाव इथं लिहीत नाही, मी त्यांना वहिनी म्हणते.

"शिक्षण?"

"सातवी. मराठी शाळेत."

"आधी कुठं कामाला होता?"

"कुठं नाही ओ मॅडम. घरातच असतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, 'जातो', 'करतो', 'असतो'. मी लिहिलं, 'अनुभव : नाही'. पुढचा रकाना भाषेचा.

"कन्नड येतं?"

"लिव्हायला येत नाही."

मी कन्नडवर फुली मारली. मागं रांग होती. एका फॉर्मला मी तीन मिनिटं देत होते.

त्या दिवशी एका फाउंड्रीच्या मालकांना कोअर शॉपसाठी दोन बायका हव्या होत्या. पंपाची किंवा व्हॉल्व्हची बॉडी आतून पोकळ असते. ओतकामात ती पोकळी ठेवायला साच्यात वाळूचा एक घट्ट तुकडा बसवतात, तोच कोअर. वाळूत सिलिकेट मिसळायचं, कोअर बॉक्समध्ये ठोकून भरायचं, वरून कार्बन डाय ऑक्साइड सोडायचा की काही सेकंदांत तुकडा कडक होतो. कडक म्हणजे दगडासारखा नव्हे, बिस्किटासारखा. हात जड असला की मोडतो. म्हणून या कामाला बायका घेतात. मुलं महिनाभरात मशीन शॉपकडं पळतात, हेही एक कारण.

मालकांनी फॉर्म वाचला आणि परत माझ्याकडं सरकवला. "मॅडम, सातवी चालेल. पण अनुभव नाही, कन्नड नाही. माझा सुपरवायझर गोकाकचा, त्याच्याशी या बोलणार कशा?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. कागदावर जे होतं ते त्यांनी वाचलं.

वहिनी काही बोलल्या नाहीत. पिशवी उचलून उठल्या. फॉर्म पुन्हा फाइलीला लावताना मी नाडी ओढली आणि ती मधेच तुटली. सगळे फॉर्म खाली ओल्या फरशीवर. त्या वाकल्या, फॉर्म गोळा केले, नाडीची दोन टोकं हातात घेतली. अंगठा आणि पहिलं बोट एवढंच हललं. टोकं कधी एकमेकांवर गेली, कधी वेढा पडला, मला दिसलंही नाही. त्यांनी नाडी ओढून बघितली आणि फाइलीच्या भोकातून ओवून दिली. गाठ त्या भोकातून न अडकता गेली. मी नाडीवरून बोट फिरवलं तेव्हा कुठं ती हाताला लागली.

"ही गाठ कुठं शिकलात?"

"मागावर. ही गाठ फणीतून जायाला पायजे नव्हं, मोठी झाली तर धागा परत तुटतोय."

फणी म्हणजे मागाची कंगव्यासारखी पट्टी, ताण्याचे म्हणजे उभे धागे तिच्या दातांमधून जातात. मग मी त्यांना परत बसवलं. रांगेतल्या लोकांना शेजारच्या टेबलावर पाठवलं आणि पहिल्यांदा नीट विचारलं. सकाळी उठल्यावर काय करत होता? त्याच्या नंतर काय? त्याच्या नंतर?

वडगावात घरातच दोन माग होते. चौदा वर्षं. पहाटे लाइट आली की नवरा माग सुरू करायचा, या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडं नेणारा. तो जेवायला, झोपायला गेला की मागावर याच उभ्या. ताण्याचा धागा तुटला की सांधायचा. साडी उतरली की उजेडाला धरून दोष बघायचे. "धोटा बिघडायच्या आधी आवाज बदलतोय. मी आत भाकरी करत असलो तरी कळायचं." लॉकडाउनमध्ये साड्यांना उठाव राहिला नाही, सूत महागलं, आणि दोन्ही माग भंगारात गेले. किलोवर. हे सांगताना त्यांनी तळहात असा खाली धरला, जणू तराजूचं पारडं.

"आणि सूत देणाऱ्या सावकाराकडं हिशेबाला कोण जायचं?"

"मीच. ह्येनी तिथं तोंड उघडत नाहीत."

"सावकार मराठी?"

"नाही ओ, कन्नड. त्येंना मराठीचा एक शब्द येत नाही."

म्हणजे चौदा वर्षं ही बाई साड्यांची संख्या, कापलेला दर, दोषाचा दंड, सगळं कन्नडमध्ये भांडून घेत होती आणि मी तिच्या कन्नडवर फुली मारली होती. मी विचारलं 'येतं का', त्यांनी ऐकलं 'लिहिता येतं का', कारण आपल्या भागात कुठल्याही टेबलावर हा प्रश्न त्याच अर्थानं विचारतात. घरात ज्या कामाचा पगार कधी वेगळा मोजला नाही, त्याला त्या काम म्हणत नव्हत्या, आणि माझ्या फॉर्मनं त्यावर शिक्का मारला. तो शिक्का माझ्या हातचा होता, म्हणून तो दिवस मला अजून टोचतो. त्यांच्या आधी अशा किती जणींच्या नावापुढं मी 'नाही' लिहून मोकळी झाले असेन, ते मोजायला आता मार्ग नाही.

मी मालकांकडं परत गेले. ते समजूतदार गृहस्थ. म्हणाले, "सोमवारी ट्रायलला पाठवा. दिवसाची हजेरी देतो. जमलं तर बघू."

सोमवारी मी स्वतः गेले. एरवी जात नाही. कोअर शॉपमध्ये सिलिकेटचा ओलसर वास आणि मागच्या बाजूला ग्राइंडिंगचा कर्कश आवाज. सुपरवायझरनं कन्नडमध्ये एकदा करून दाखवलं आणि वहिनींनी कन्नडमध्येच दोन प्रश्न विचारले. तो चपापला, मग हसला. तिथून माझी गरज संपली. मी भिंतीला टेकून बघत राहिले.

पहिल्या तासात त्यांनी सहा कोअर मोडले. हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि माझ्याही. बॉक्स उघडला की कोअर उचलताना बारीक मानेपाशी कट्कन तुटायचा. सुपरवायझर म्हणाला, सुरुवातीला होतं, तुकडे त्या डब्यात टाका. त्यांनी टाकले नाहीत. बाकावर एका ओळीत मांडले, सहाच्या सहा, आणि वाकून बघत बसल्या. मला वाटलं घाबरल्या.

मग त्यांनी सुपरवायझरला हाक मारली. सगळे तुकडे एकाच बाजूनं, एकाच जागी तुटलेले. माणसाच्या हातानं मोडलं तर कुठंही मोडेल, असं त्यांचं म्हणणं. मागावर एकच धागा परत परत तुटायला लागला की विणकर धाग्याला दोष देत नाही, फणीत त्या जागी बोट घालून बघतो. दात खरखरीत झालेला असतो. त्यांनी कोअर बॉक्सच्या मानेत करंगळी घातली. आत मागल्या पाळीची वाळू चिकटून टणक झाली होती, मोहरीएवढी एक गाठ. कोअर निघताना तिथंच अडकत होता.

सुपरवायझरनं ती खरवडली, आतून पुसून घेतलं. दुपारपर्यंत आणखी दोन मोडले, त्यातला एक हातातून पडून. संध्याकाळी त्यानं मला एवढंच सांगितलं, "बाकीचे मोडलं की टाकतात. ह्या बघतात." मालकांनी कामावर या म्हणून सांगितलं.

लोकांना वाटतं की इथं आमचं काम संपतं. खरं तर इथून पुढं आठवडाभर कागद. आधारवर वहिनींचा पत्ता महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला निघाला. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी असताना तिथल्या कॅम्पात आधार काढलेलं, त्यामुळं नावही वडिलांचं आणि आडनावही माहेरचं. बँकेच्या पासबुकात नवऱ्याचं. पीएफला दोन्हीकडं एकच नाव लागतं. आणि 2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, पण राज्यातल्या रहिवासाचा पुरावा दाखवला तर. त्यांची जाऊ शून्याचं तिकीट घेऊन फिरते आणि या त्याच बसमध्ये पैसे मोजतात. सीमेच्या त्या बाजूला लेक देणं आणि तिकडची सून आणणं आपल्याकडं रोजचं. चंदगड, गडहिंग्लजहून आलेल्या अशा किती सुना असतील. लग्नाचा दाखला, रेशन कार्ड, सहीशिक्क्याचं पत्र, आणि आधार केंद्रात तीन खेपा. पाऊस तोवर चालूच. पत्ता बदलून येईपर्यंत त्या अनगोळमार्गे चालत कामाला गेल्या.

पगार ठरला 14,000. पहिल्या महिन्याची स्लिप घेऊन त्या माझ्याकडं आल्या, चेहरा उतरलेला. हातात 12,215 आले होते.

"मॅडम, दंड कापला काय? ते मोडलेल्याचा?"

सावकार दोषाचा दंड कापायचा, ती सवय. मी स्लिप पसरली. पीएफ 12 टक्के, 1680. ईएसआय पाऊण टक्का, 105. ईएसआय म्हणजे तुमचं आणि घरच्यांचं औषधपाणी, त्यांचा दमासुद्धा. नवऱ्याला दम्याचा त्रास आहे हे त्यांनी फॉर्म भरताना सांगितलं होतं, मी लिहून घेतलं नव्हतं, त्याला रकाना नव्हता. पीएफ म्हणजे तुमचेच पैसे, तुमच्याच नावावर साठतात. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. माग चालवून चौदा वर्षांत त्यांच्या नावावर कुठंच काही साठलं नव्हतं. सगळं घराच्या नावावर आलं आणि घराच्या नावावर गेलं.

पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी त्या कामावरून परस्पर ऑफिसात आल्या. साडीच्या काठाला वाळूचे कण. मोबाइल पुढं केला. इंग्रजीत मेसेज होता, पीएफ खात्यात 2194 रुपये जमा.

"चुकून आलेत काय? माझे तर 1680 कापले."

"चुकून नाही. तुमचे 1680, आणि मालकांचे 514. मालकांनाही तेवढेच बारा टक्के भरावे लागतात. त्यातले 1166 तुमच्या पेन्शनच्या खात्यात जातात, उरलेले यात."

"मालकानं घातले? माझ्या नावावर?"

"हो."

त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. मोबाइल माझ्या हातातून घेतला, पडदा पदरानं पुसला आणि परत माझ्याकडं दिला.

"परत एकदा वाचा."