जिमी पीटर्सला कुणी वगळलं?

"खेळात कशाला रंगबिंग, जातपात आणता?" आज डबा खाताना एक सहकारी सहज बोलून गेला. तेव्हापासून जिमी पीटर्स डोक्यातून जात नाहीये.

इंग्लंडकडून रग्बी खेळलेला पहिला कृष्णवर्णीय. लहानपणी सर्कशीत, मग अनाथाश्रमात, मोठेपणी गोदीत सुतार. मार्च १९०६ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना, आणि इंग्लंड जिंकलंही.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचा संघ दौऱ्यावर आला. प्लिमथला डेव्हन या इंग्लिश काउंटीच्या संघात जिमीला बघून पाहुणे मैदानात उतरायलाच तयार नव्हते. कसाबसा सामना झाला. डिसेंबरमध्ये इंग्लंड त्यांच्याशी खेळलं, तेव्हा संघात जिमी नव्हता. हा अपमान त्याने कसा गिळला असेल!

१९१० मध्ये गोदीतल्या अपघातात एका हाताची तीन बोटं गेली. रग्बीत चेंडू हातानेच झेलायचा, हातानेच द्यायचा. तरी हा पठ्ठ्या खेळत राहिला.

जिमी इंग्लंडकडून शेवटचा खेळला १९०८ मध्ये. त्यानंतरचा कृष्णवर्णीय खेळाडू ख्रिस ओटी, थेट १९८८ मध्ये. मधल्या ऐंशी वर्षांत एकही लायक पोरगा नव्हता, हे पटतं का कुणाला?