तुम्ही विचारलंत म्हणून: दरवर्षी टेक्सेललाच का?

"अख्खा युरोप पडलाय फिरायला, मग दरवर्षी त्या एवढ्याशा बेटावरच का जाता?" घरून फोन आला की हा प्रश्न ठरलेला.

मी वेंगुर्ल्याची. तिथली डचांची पडकी वखार बघत लहानाची मोठी झाले. ती बांधणारी माणसं निघाली कुठून, हे तेव्हापासून डोक्यात होतं. त्याचं उत्तर नेदरलँड्सच्या टेक्सेल बेटावर, औदेस्खिल्ट गावात मिळालं. पूर्वेकडे निघालेली डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं याच गावासमोर नांगर टाकून वाऱ्याची वाट बघत, कधी कधी आठवडेच्या आठवडे. पिण्याचं पाणी जवळच्या विहिरींतून पिंपं भरून नेत. त्यात लोह जास्त, म्हणून ते लांबच्या प्रवासात टिकायचं. पाण्याचे पैसे जात बेटावरच्या मुख्य गावातल्या, डेन बुर्खच्या अनाथालयाला, म्हणून त्या अनाथांच्या विहिरी. पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा गळा दाटून आला.

डेन हेल्डरहून बोटीने वीसेक मिनिटांत बेटावर. पुढे सायकलच बरी. शेतांतून मधूनच अर्धं कापल्यासारखं कोठार दिसतं. उतरतं छप्पर पश्चिमेच्या वाऱ्याकडे, सरळ भिंत पूर्वेला. आत चारा ठेवत. मेंढ्या बाहेरच, भिंतीच्या आडोशाला. एकदा पाऊस आला तेव्हा मीही त्यांच्यात जाऊन उभी राहिले. ओल्या लोकरीचा वास अजून आठवतो.

उत्तर टोकाला, डे कॉक्सडोर्पच्या पुढे, 1864 चं लाल दीपगृह आहे. जर्मन सैन्यात भरती केलेल्या, सोव्हिएत संघातल्या जॉर्जियाच्या युद्धकैद्यांनी एप्रिल 1945 मध्ये बेटावर जर्मनांविरुद्ध बंड केलं. शेवटी काही जण या दीपगृहात अडकले आणि त्यावर तोफा डागल्या गेल्या. युद्ध संपल्यावर जुन्या मनोऱ्याभोवती नवी भिंत बांधली. जिना चढताना दोन भिंतींच्या मधे शिरता येतं. तिथे जुन्या विटांवर गोळ्यांच्या खुणा आहेत, बोट आत जाईल एवढ्या. नेदरलँड्समधलं जर्मन सैन्य 5 मे रोजी शरण आलं, पण टेक्सेलवर माणसं मरत राहिली ती 20 मेपर्यंत. बेटावरचे लोकही गेले, शंभराहून जास्त.

त्या जॉर्जियन सैनिकांच्या कबरी होखे बेर्खवर आहेत. टेकडी म्हणायची, उंची जेमतेम 15 मीटर. मी नेहमी आधी तिथे जाते, मग खाली विहिरींकडे. एकाच टेकडीच्या अंगाखांद्यावर दोन्ही, सायकलवर काही मिनिटांचं अंतर.