बारशाची गोधडी: एका साडीचा हिशोब आणि मधला फुगवटा

गोधडी बिघडते ती शिवताना नाही, अंथरताना. सुई हातात घेईपर्यंत तिचं बरंवाईट ठरून गेलेलं असतं. त्यामुळे बारशाला द्यायच्या गोधडीबद्दल लिहिताना मी टाक्यांवर कमी आणि फरशीवर गुडघे टेकून केलेल्या कामावर जास्त लिहिणार आहे.

वेळेचं गणित आधी. बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवू नये, असं बऱ्याच घरांत मानतात. बारसं बाराव्या दिवशी धरलं, तर हातात जेमतेम दहा दिवस उरतात. मी कापड गोळा करणं, धुणं, उसवणं हे सगळं सातव्या-आठव्या महिन्यातच उरकते. घडी करून ठेवलेल्या कापडाला कुणी शिवलेलं म्हणत नाही. बाळ आलं की कापणं, अंथरणं एका दुपारी, आणि मग चार दिवस रोज दोन-दोन तास शिवण. काठ, धुणं, वाळवणं याला आणखी दोन दिवस. पावसाळा असेल तर वाळायलाच दोन धरावेत.

साडी सुतीच हवी, आणि नेसून नेसून मऊ झालेली. 'सुती आहे' असं देणारीने सांगितलं तरी मी कडेचा एक धागा ओढून जाळून बघते. सुताची राख होते आणि जळक्या कागदासारखा वास येतो. पॉलिएस्टर आक्रसून त्याचा काळा, टणक मणी होतो. मिश्र धाग्यात दोन्ही थोडं थोडं दिसतं. असली साडी मी बाळाच्या गोधडीत घेत नाही: ती ओल शोषत नाही आणि शिवताना थर एकमेकांवरून घसरतात.

मग साडी खिडकीसमोर उभी धरायची. मागचा भाग आणि गुडघ्यापाशी येणारा भाग आधी विरतो. तिथे उजेड जाळीसारखा दिसतो. पदर आणि आत खोचलेलं टोक बहुधा ठणठणीत असतं. शंका आली तर दोन अंगठे शेजारी ठेवून हलकेच ताणायचं. 'टर्र' असा कोरडा आवाज आला तर ते कापड गेलं. विरलेलं कापड आतल्या थरात दडवून टाकावं असा मोह सगळ्यांना होतो. तसं करू नका. दोन-चार धुण्यांत ते आतल्या आत फाटतं, त्याचे गोळे होतात आणि टाक्यांच्या मधल्या खणांत जाऊन बसतात. पणजीची साडी गोधडीत हवीच असा आग्रह असेल, तर तिचा धड असलेला वीतभर तुकडा वरून ठिगळ म्हणून लावायचा, कडा आत दुमडून. डोळ्यांना दिसतोही आणि टिकतोही.

फॉल उसवायचा, पिको कापून टाकायचा, आणि जर असलेला काठ निर्दयपणे काढायचा. जुनी जर टोचते, तिचे तुटलेले टोक बाळाच्या मुठीत अडकते. तो काठ वाया जात नाही. त्याचं काय करायचं ते पुढे येईलच.

रंगाची परीक्षा सोपी आहे. पांढरं फडकं ओलं करून साडीच्या गडद भागावर वीस-पंचवीस वेळा घासायचं. लाल, मरून आणि गडद निळ्यावर तर हे करायचंच. फडक्यावर रंग उतरला, तर साडी गरम पाण्यात धुवायची, पाणी बदलत राहायचं आणि पाणी नितळ होईपर्यंत थांबायचं नाही. मीठ-तुरटीचा सल्ला प्रत्येक जण देतो. माझा भरवसा धुण्यावर. तरीही रंग जातच राहिला तर ती साडी मोठ्या माणसाच्या गोधडीला ठेवायची, तीही सगळे थर गडद असतील तरच.

आता माप. साडेपाच मीटर म्हणजे सुमारे २१६ इंच. टोकं काढून ४२ इंचांचे पाच तुकडे निघतात. पन्हा, म्हणजे साडीची रुंदी, साधारण ४५ इंच. दोन्ही बाजूंचे दीड-दीड इंचाचे काठ काढले की ४२ उरतात. म्हणजे एका साडीतून ४२ बाय ४२चे पाच चौकोन. चार थरांना चार, पाचवा काठाच्या पट्टीला. शिवून आणि एकदा धुऊन झाल्यावर ४२चे ३९-४० इंच उरतात, कारण प्रत्येक टाका कापड थोडं थोडं आत खेचतो. बाळाला याहून मोठी गोधडी लागत नाही, आणि चाराहून जास्त थरही नकोत. सहा थरांची गोधडी दिसायला गुबगुबीत, पण सुई ढकलताना बोटं दुखतात, टाका मोठा पडतो, आणि धुतल्यावर ती दिवसभरात वाळत नाही.

एकाच साडीचे चारही थर घेण्याचा मोठा फायदा म्हणजे सगळे सारखेच आटतात. वरचं कापड नवं कोरं आणि आतलं वीस वर्षांचं असं केलं, तर पहिल्याच धुण्यात नवं आटतं, जुनं तसंच राहतं आणि सगळी गोधडी सुरकुतते. नवं कापड घालायचंच असेल तर आधी दोनदा गरम पाण्यातून काढा. आतल्या थराला जुनं धोतर किंवा पंचा उत्तम. टर्किश टॉवेल नको, तो पाणी धरून ठेवतो. घट्ट विणीची चकचकीत बेडशीटही नको. चार थरांत एकच तसली असली तरी प्रत्येक टाक्याला सुई अडते.

अंथरायला फरशीसारखी जागा नाही. फरशीचे सांधे सरळ रेषेत असतात, तेच माझं गुण्या-पट्टीचं, म्हणजे काटकोन आणि सरळ रेषा बघायचं, काम करतात. खालचा थर उलटा, म्हणजे चांगली बाजू फरशीकडे, एका सांध्याला कड जुळवून घालायचा. चार कोपऱ्यांवर वजन: वरवंटा, तांब्या, डबा, काहीही. आतले दोन थर सगळीकडून अर्धा इंच लहान कापलेले. प्रत्येक थर मधोमधपासून कडेकडे तळव्याने फिरवत सपाट करायचा. ताणायचा मात्र नाही. ताणून बसवलेलं कापड वजन काढलं की मागे जातं, आणि तिथेच पुढचा फुगवटा जन्माला येतो. सगळ्या थरांचा उभा धागा एकाच दिशेला हवा. वरचा थर चांगली बाजू वर करून.

मग कच्चे टाके. इथे घाई करणाऱ्यांची गोधडी मला दुरून ओळखू येते. मधल्या बिंदूपासून चारही बाजूंना आधी अधिकचं चिन्ह, मग त्याच्या दोन्ही बाजूंनी दर चार बोटांवर ओळी, उभ्या आणि आडव्या. टाका दोन इंचांचा चालतो, दोरा वेगळ्या रंगाचा, म्हणजे शेवटी काढताना सापडतो. टाचण्या लावून भागत नाही: गोधडी मांडीवर गोळा होते, फिरते, टाचण्या वाकतात आणि एखादी आतच राहते. लहान बाळाच्या गोधडीत ती जोखीम कशाला?

फुगवटा का येतो ते नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं आहे. आपल्याकडची गोधडी बरेचदा कडेपासून आत, चौकटीत चौकट अशी शिवतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हळियाळ भागातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात तीही अशीच, कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने मध्यात पोचणारी. तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी कापडांची 'फुलं' असतात. ही पद्धत दिसायला देखणी आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. धावदोरा घालताना सुई वरचा थर थोडासा पुढे ढकलते, खालचा जागच्या जागी राहतो. प्रत्येक फेरीत केसभर जादा कापड आत सरकतं. कड बंद असल्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट नसते. वीस फेऱ्यांनंतर ते सगळं मधोमध जमतं आणि पुरी फुगावी तसा फुगा येतो.

यावर मी तीन गोष्टी करते. एक, वर सांगितलेले दाट कच्चे टाके. दोन, एक फेरी डावीकडून तर पुढची उजवीकडून. सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने घातल्या तर गोधडीला पीळ पडतो आणि चौकोनाचे कोपरे तिरके होतात. तीन, दर चार फेऱ्यांनी गोधडी पुन्हा फरशीवर टाकून तळवा फिरवायचा. सुईच्या पुढे कापडाची लाट दिसली तर तिथेच थांबून मागच्या दोन फेऱ्या उसवायच्या. दोन फेऱ्या उसवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मध्यात पोचल्यावर फुगा दिसला तर अर्धी गोधडी उसवावी लागते. तेवढा वेळ नसेलच, तर मध्यावर बारीकशी चुणी घेऊन त्यावर चौकोनी ठिगळ लावा. ठिगळ मुद्दाम लावल्यासारखं दिसतं. मोठ्या माणसाच्या गोधडीला मी हा घोळ घालतच नाही, मधून बाहेर शिवते आणि कड शेवटी बंद करते.

टाके एका इंचात तीन ते चार दिसावेत. दोन ओळींत एक इंच अंतर. ४० बाय ४०च्या चौकोनात इंचाइंचावर वीस चौकटी बसतात, त्यांची एकूण लांबी १६०० इंच, म्हणजे ४० मीटरच्या वर. टाक्यांच्या वळणात आणि गाठींत पाचवा हिस्सा धरला तर ५० मीटर दोरा. अर्ध्या इंचावर ओळी घेतल्या तर सगळं दुप्पट, वेळही. माझ्या हाताला एक मीटर शिवायला नऊ-दहा मिनिटं लागतात. इंचाच्या अंतराने साडेसहा तास. अर्ध्या इंचाची गोधडी जास्त टिकते हे खरं, पण बारशाच्या घाईत एक इंच पुरे.

दोरा सुतीच घ्यायचा. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून लोक तो घेतात. तो तुटत नाही, मऊ जुन्या कापडाला मात्र कापतो, आणि कापडाला पडलेली चीर दोऱ्यासारखी बदलता येत नाही. एका वेळी दोन हात लांब, त्याहून जास्त नको. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो, पिंजतो आणि मध्येच गाठ मारून बसतो. दोन हातांतून पंचवीस इंच शिवण होते, म्हणजे अख्ख्या गोधडीला साठ-पासष्ट वेळा सुई ओवायची. मी दहा सुया एकदम ओवून उशीला टोचून ठेवते. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढला की पिंजत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, घालायची सवय नसेल तर पहिल्या तासात वैताग येतो, तरी काढू नका. चार थरांत सुईचं बूड रात्रीपर्यंत बोटाला भोक पाडतं.

गाठ कुठेही वर दिसता कामा नये. सुई टाक्यापासून इंचभर लांब वरच्या थरात घालायची, टाक्याच्या जागी काढायची आणि दोरा हलकेच झटकायचा. 'टप्' असं होऊन गाठ आत जाते. दोरा संपताना तीन टाके मागे फिरून टोक थरांच्या मध्ये सोडायचं. बाळाच्या गोधडीला आरसे, टिकल्या, मणी, घुंगरू, लोंबणारे गोंडे काहीही नको, कितीही हौस असली तरी. आणि देताना मी सांगते की ही अंथरायला आहे. तान्ह्या बाळाला झोपेत अंगावर घालायची नाही, तोंडावर सरकते.

काठाची पट्टी अडीच इंच रुंद. घेर १६० इंच, कोपरे आणि जोड मिळून १७० धरा. ४२च्या चार पट्ट्या दोन इंचांनी कमी पडतात, हे मोजल्याशिवाय लक्षात येत नाही, पाच घ्या. सरळ कडेला उरेब, म्हणजे तिरकी पट्टी, कापायची गरज नाही, उरेब फक्त गोल कोपऱ्यांना. जोड कोपऱ्यावर येऊ देऊ नका, तिथे आधीच आठ-दहा पदर जमतात आणि सुई मोडते.

पाचव्या चौकोनाचा ४२ बाय २९चा तुकडा उरतो. त्यात टोपडं बसतं. काढून ठेवलेल्या जरीच्या काठाच्या पट्ट्या जोडून बटवा बाळाच्या आईला: दहा इंच व्यासाचं दुपदरी वर्तुळ, कडेपासून दीड इंचावर नाडीचं घर, दोन बाजूंनी दोन नाड्या. एकच नाडी घातली तर बटव्याचं तोंड नीट मिटत नाही.

कच्चे टाके काढून गोधडी एकदा कोमट पाण्यात धुवायची. पिळायची नाही, पाणी निथळू द्यायचं आणि दोन दोऱ्यांवर मिळून पसरायची, नाहीतर ओल्या वजनाने एका बाजूला लांबते. आतला थर वाळला की नाही हे हाताला कळत नाही. गालाला लावून बघा, गार लागली तर अजून ओल आहे. तशीच घडी घातली तर कुबट वास धरते. डांबरगोळ्यांच्या पेटीतलं कापड तान्ह्या बाळाला नकोच, काही बाळांच्या रक्ताला त्याचा अपाय होतो. सुकवलेला कडुनिंब ठेवा, आणि ज्या साड्या आधी डांबरगोळ्यांत होत्या त्या धुऊन चार दिवस उन्हात टाका.

गोधडीच्या घडीत मी त्याच दोऱ्याचं उरलेलं रीळ आणि एक सुई टोचलेला पुठ्ठा ठेवते. पहिला दोरा तुटतो तो कडेपासून दुसऱ्या-तिसऱ्या चौकटीत, कोपऱ्यावर, कारण उचलताना सगळे तिथेच धरतात. तुटलेलं टोक ओढायचं नाही. दोन्ही बाजूंचे चार-चार धड टाके सोडून मागे जायचं, तिथून नवा दोरा जुन्याच भोकांतून घालत तुटका भाग पार करायचा आणि पलीकडच्या चार टाक्यांवरूनही न्यायचा.