कूलरचं गवत, सहा मिनिटं: विद्यार्थ्याच्या व्हिडिओ आर्टवर बोलायचं कसं

प्रायोगिक व्हिडिओवर मत देताना खरी अडचण ही की, चूक आणि मुद्दाम केलेली गोष्ट पडद्यावर अगदी सारखी दिसते. फोकस सुटला की सोडला? आवाज तुटला की तोडला? कथा असली की तिच्यावरून अंदाज लागतो, इथे तीही नसते. म्हणून पसंत-नापसंत बाजूला ठेवून, कितव्या सेकंदाला काय दिसलं आणि त्याने पाहणाऱ्याचं काय झालं, एवढं नेमकं सांगता आलं तरी विद्यार्थ्याच्या हाती बरंच काही पडतं. ते मुद्दाम होतं की नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं.

उदाहरण धरून बोलू. समजा, नागपुरातल्या चित्रकलेच्या एका विद्यार्थिनीने मे महिन्यातला कूलर टिपला आहे. गवतावरून ओघळणारं पाणी, जाळीतून आत येणारी दुपार, मोटरची घरघर. फोनवर सेकंदाला १२० फ्रेम, नंतर २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर संथ केलेलं, सहा मिनिटांचं लूप, म्हणजे संपलं की लगेच पुन्हा सुरू होणारं काम. माणूस नाही, संवाद नाही.

सुरुवात फाइलपासून. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून आलेली प्रत पाहून मत देऊच नये. ते ॲप फाइल दाबून लहान करतं, आणि वाहतं पाणी, धूर, पानं अशा सतत हलणाऱ्या गोष्टींचे तुकडे पडतात. मग आपण विद्यार्थिनीच्या कामावर नाही, ॲपच्या करामतीवर बोलत बसतो. ड्राइव्हची लिंक मागा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. १०८० पी (चित्राचा आकार), एच.२६४ (फाइल दाबायची पद्धत), २० एमबीपीएस (सेकंदाला २० मेगाबिट डेटा) एवढं पुरे. सहा मिनिटांची फाइल साधारण ९०० एमबी होते.

पहिल्यांदा न थांबवता पाहा, फोन उपडा ठेवून. कागदावर फक्त वेळ आणि दोन-तीन शब्द: "१:४० कंटाळा", "२:१४ आवाजाकडे लक्ष", "४:०५ पाणी आहे हेच विसरलो". दुसऱ्यांदा आवाज बंद करून, तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका. काम लूप असेल तर एकदा मधूनच सुरू करा, कारण दालनात येणारा माणूस शून्य सेकंदाला येत नाही. ३:३० ला आत आलेल्याला काय मिळतं, हे बहुतेक विद्यार्थ्यांनी तपासलेलंच नसतं.

आता या कूलरच्या कामात काय सापडेल ते बघू. पडदा मधूनमधून उजळतो, काळवंडतो. "झगमग होतेय, दुरुस्त कर" असं म्हणून मोकळं होता येतं, पण कारण सांगता आलं तर ती निवड करू शकते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. कॅमेरा १२० फ्रेम घेतो. फरक २०. तो २५ फ्रेमवर संथ केला की ४.८ पट (१२० भागिले २५) ताणला जातो आणि सेकंदाला चारेक झगमगाटांचा ठेका तयार होतो. हा ठेका हवा असेल तर आनंद आहे, पण मग तो वाढवावा, कारण अर्धामुर्धा ठेवला तर बिघाडच वाटतो. नको असेल तर दिवा बंद करून खिडकीच्या उजेडात पुन्हा घ्यावं, नाहीतर सेकंदाला १०० फ्रेम देणारा कॅमेरा मिळवून शटर १/१०० सेकंद ठेवावा. आणि ठेवायचाच असेल तर एक गोष्ट निक्षून सांगायची: सेकंदाला तीनपेक्षा जास्त जोरदार झगमगाट फोटोसेन्सिटिव्ह अपस्मार (झगमगाटाने फिट येण्याचा आजार) असलेल्यांना धोक्याचे ठरू शकतात. दारावर सूचना लावावीच लागेल.

जाळीतून येणारा उजेड पांढराफट झाला आहे, तपशील उडालाय. यालाही नागपुरी कारण असू शकतं. ४५ अंशांच्या दुपारी फोन तापला की स्वतःच स्क्रीन मंद करतो. स्क्रीनवर चित्र अंधारं दिसतं म्हणून एक्स्पोजर वाढवलं जातं, आणि रेकॉर्डिंग मात्र जळतं. हे टाळायचं असेल तर शूट सकाळी, किंवा दर काही मिनिटांनी फोनला विश्रांती.

आवाजावर बहुतेक शिक्षक दोन वाक्यांत उरकतात, आणि इथेच सगळ्यात जास्त बोलण्यासारखं असतं. मोटरची १०० हर्ट्झची घरघर चित्राबरोबर ४.८ पट संथ केली आणि सूर सांभाळण्याचा पर्याय बंद असला, तर ती २१ हर्ट्झच्या आसपास उतरते. लॅपटॉपच्या स्पीकरवर काहीच ऐकू येणार नाही. हॉलमध्ये सबवूफर असला तर भिंती हलतील. विद्यार्थिनीला विचारायचं ते हे: "हे तू कशावर ऐकलंस, आणि लोक कशावर ऐकणार आहेत?" आवाज वेगळा, नेहमीच्या वेगाने रेकॉर्ड करून खाली लावला तर काय होतं, हे करून बघायला सांगा.

लूपच्या सांध्यावर "टक्" होतं. दोन्ही टोकांना फेड दिला, म्हणजे आवाज हळूहळू उगवू-मावळू दिला, की टक् जातं, पण सतत चालणाऱ्या घरघरीत खड्डा पडतो, जो त्याहून वाईट. उपाय सोपा आहे: आवाज ६:०२ पर्यंत घ्या, शेवटचे दोन सेकंद कापून सुरुवातीवर आणा, ते मावळत असताना मूळ सुरुवात उगवू द्या. ६:०० चा आवाज मग विनासायास पुढे वाहतो.

बोलण्याच्या क्रमासाठी अमेरिकन नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत चांगली आहे. आधी पाहणाऱ्यांनी काय लक्षात राहिलं ते सांगायचं, मग कलाकाराने प्रश्न विचारायचे, मग पाहणाऱ्यांनी आत मत न मिसळलेले प्रश्न विचारायचे, आणि सरतेशेवटी परवानगी घेऊन मत द्यायचं. वर्गात तिसऱ्या टप्प्यावर गाडी अडते. "एवढं लांब काहून ठेवलं बे?" हा प्रश्न नाही, शेरा आहे. "सहा मिनिटं कशी ठरली?" याला उत्तर देता येतं. आणि "एक नंबर!" म्हणून पाठ थोपटली तर विद्यार्थी खूश होतो, पण काय ठेवायचं हे त्याला कळत नाही. कोणत्या क्षणाला एक नंबर, तेही सांगा.

लांबीबद्दल माझं मत थोडं ठाम आहे. कंटाळा हा दोष नाही; १:४० ला येणारा कंटाळा ४:०५ च्या विसरण्यासाठी लागत असेल तर तो कामाचा. पण ते वादाने सिद्ध होत नाही. सहा मिनिटांची, साडेतीन मिनिटांची आणि बारा मिनिटांची अशा तीन प्रती काढून काम न पाहिलेल्या दोघा-तिघांना दाखवायच्या. "मी असतो तर कापलं असतं" याचा इथे काही उपयोग नाही.

संदर्भ द्यायचा तर एकच, तोही कारणासकट. चित्रकार अकबर पदमसींनी १९६९ मध्ये मुंबईत व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप ही कलाकारांनी एकत्र प्रयोग करण्याची कार्यशाळा सुरू केली, आणि चित्रकार नलिनी मालानी तिथे कॅमेऱ्याकडे वळल्या. चित्रकलेतून आलेल्या मुलीला हा धागा उपयोगी पडेल. दहा परदेशी नावं फेकली तर ती दहाही शोधणार नाही.

लेखी टिपणात तीनच मुद्दे द्या, वेळेसकट, आणि त्यातला एक करून बघण्याचा. देवनागरी शीर्षकात वेलांटी भलतीकडे गेली असेल तर ते मुद्द्यात मोजू नका. प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या प्रेफरन्समध्ये साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडायचं, विषय संपला.

प्रदर्शनाला टीव्ही आणि पेन ड्राइव्ह असेल तर आणखी एक. पुष्कळ टीव्ही दर फेरीनंतर क्षणभर काळा पडदा किंवा फाइलचं नाव दाखवतात, म्हणजे सांध्यावर घेतलेली मेहनत पाण्यात. चार फेऱ्या जोडून एकच फाइल काढा. ९०० एमबीच्या हिशेबाने ती ३.६ जीबी होते, फॅट३२ (पेन ड्राइव्हची एक जुनी फॉरमॅट पद्धत) मध्ये एका फाइलला असलेल्या ४ जीबीच्या मर्यादेत बसते, आणि तो काळा क्षण २४ मिनिटांतून एकदाच येतो. पाचवी फेरी जोडली की फाइल कॉपीच होणार नाही.