जपानी तलवारीची पारख, नोंद ३: नाकागो

पात्यावर लोहाराने कोरलेली सही सगळ्यात शेवटी वाचायची. नवा संग्राहक ‘कोतेत्सु’ किंवा ‘मासामुने’ अशा नामांकित लोहारांची अक्षरे पाहून हरखतो, आणि खोट्या सह्या जास्त कोरल्या गेल्या त्या अशाच नावांच्या.

मूठ पक्की धरणारी बांबूची खुंटी, मेकुगी, काढून मूठ उतरवली की पात्याचा मुठीत जाणारा भाग, नाकागो, मोकळा होतो. आधी गंज बघा. जुना गंज गडद तपकिरी, काळसर आणि घट्ट बसलेला असतो. नारिंगी, भुकटीसारखा बोटाला लागणारा गंज हल्लीचा. मग दहापट भिंगातून सहीच्या रेघांचा तळ तपासा. आजूबाजूचा गंज काळा आणि रेघेचा तळ उजळ, छिन्नीने उचललेल्या कडा बोटाला टोचणाऱ्या, तर सही मागाहून घातलेली. पण गंज जुळला म्हणजे सही खरी ठरत नाही. एदो काळातच (१६०३ ते १८६८) कितीतरी खोट्या सह्या झाल्या, त्यांच्यावरचा गंजही दीडदोनशे वर्षांचा आहे. तिथे त्या लोहाराच्या खात्रीच्या सह्यांच्या ठशांशी एकेक फटकारा ताडून पाहावा लागतो. नाकागोवरच्या कानशीच्या खुणांचा कलही त्याच्या सवयीचा हवा.

नाकागोतली मेकुगीची भोके मोजा. दोन-तीन असली तर पाते बहुधा आखूड केलेले. आखूड करताना नाकागो खालून कापतात, त्यामुळे सही अर्धी जाते किंवा पूर्ण. खूप आखूड झालेल्या पात्यावर मधोमध अख्खी सही दिसली की थांबा. (जुनी सही दुमडून किंवा तुकडा बसवून जपतातही, पण ते जोडकाम दिसते.)

नाकागो कधीही घासू नका. गंज हाच पुरावा. तो गेला की किंमतही गेली.

कागदांबद्दल थोडक्यात: जपानमधले तोरोकुशो हे फक्त नोंदणीपत्र, अस्सलपणाचा दाखला नव्हे, आणि पाते देशाबाहेर जाताना ते परत करावे लागते. दाखला हवा तो एनबीटीएचके या जपानी तलवार जतन संस्थेचा, होझोन (‘जतनयोग्य’) दर्जाचा किंवा त्यावरचा. त्याच संस्थेच्या १९८२ पूर्वीच्या, ‘किचो’ नावाच्या जुन्या दाखल्यांवर, विशेषतः मोठ्या नावांच्या बाबतीत, विसंबू नये. कागदावरची लांबी आणि नाकागोचे चित्र पात्याशी भोकासकट जुळवा.

कमी पैशांत मोठ्या सहीची कागद नसलेली कताना (लांब तलवार) घेण्यापेक्षा होझोन असलेली बिनसहीची वाकिझाशी (आखूड तलवार) घ्या. पाते ३०.३ ते ६०.६ सेंटिमीटरच असले तरी पोलाद तितकेच शिकवते.

पुढच्या नोंदीत हामोन, म्हणजे पाणी दिल्याने धारेलगत उमटणारी नक्षी: आम्लाने उठवलेला कसा ओळखायचा, आणि धारेला आडवी गेलेली हागिरे भेग कुठे शोधायची.